अंगठ्याचा गुण

पडद्यावर शिंपीकाका खुर्चीत सावरून बसले. त्यांना जाऊन तीन आठवडे झाले होते.

अर्धांगाचा झटका आल्यावर हात किती हलतो ते मोजायची एक परकी चाचणी थेरपिस्टबाईंनी आपल्या भाषेत आणली होती. ती खरी उतरते का, ते तपासणं चालू होतं. पेशंटला समोर बसवून एकदा गुण द्यायचे, दीड महिन्याने त्याच वेळची फिल्म बघून पुन्हा द्यायचे. पेशंट असो नाहीतर नसो, नियम म्हणजे नियम.

काकांचे जुने गुण बघायची गरजच नव्हती. अंगठ्याला शून्य. त्या शून्यानंतर त्यांनी व्यायामाला येणं सोडलं होतं.

काकू शेजारी स्टुलावर बसल्या होत्या. आल्या होत्या फाइल न्यायला. फिल्म आहे म्हटल्यावर हटूनच बसल्या. एकदा बोलताना बघू द्या म्हणाल्या. बाईंना नाही म्हणवेना.

फिल्ममधल्या बाई कागदात डोकं घालून वाचत होत्या. भाषांतर नवंकोरं, एक अक्षर इकडचं तिकडे चालणार नव्हतं. "अंगठा पहिल्या बोटाकडे न्या."

आणि अंगठा हलला. जेमतेम एका टाक्याएवढा, पण हलला. बाईंची मान अजून कागदातच होती. त्यांनी ती वर केली तोवर हात मांडीवर गप्प पडला होता.

बाईंनी फिल्म थांबवली. खोटं बोलावं असं क्षणभर वाटलंही.

"माझी चूक झाली, काकू. मी बघितलंच नाही."

काकूंनी पडद्याकडे बोट केलं.

"घरी रोज म्हणायचे, हलतोय गं. मीच गप्प करायचे. म्हटलं, बाईंनी शून्य दिलंय, आता कशाला जिवाला त्रास करून घेता." त्यांनी पदराने नाक पुसलं. "पुढचं लावा."

बाईंनी नव्या तक्त्यात एक गुण लिहिला आणि फिल्म सोडली. काकांनी मान वर केली. घामेजलेला चेहरा, पण डोळे हसत होते.

"हलला ना?"

"हलला हो," काकू पडद्याला म्हणाल्या. "बघितला मी."

"नाही, काका," फिल्ममधल्या बाई म्हणाल्या, आणि काकांनी चांगल्या हाताने तो हात उचलून पुन्हा गळ्यातल्या झोळीत ठेवला.