दोन शिखरं

सर पेढ्यांचा बॉक्स घेऊन प्रयोगशाळेत आले ते थेट शाल्मलीच्या टेबलाकडे गेले, आणि मुक्ताच्या पोटात दुखायला लागलं. चार वर्षं क्रिस्टल वाढवत बसली होती ती, आणि पेढे या कालच्या पोरीला!

"बघा रे," आलेखाकडे बोट करत सर म्हणाले, "एका शिखराची दोन झालीत. क्रिस्टलमधले एक्सायटॉन, त्या इलेक्ट्रॉन-पोकळीच्या जोड्या, आणि प्रकाश असे एकजीव झालेत की वेगळे काढताच येणार नाहीत. आणि तेही आरसे न लावता! क्रिस्टलच्या स्वतःच्या चकचकीत बाजूंनीच प्रकाश कोंडून धरलाय."

खोट काढायचीच, म्हणून मुक्ता सूक्ष्मदर्शकावर वाकली. क्रिस्टलचा कोपरा तुटका होता. चिमटा निसटून तो तिच्याच हातून तुटला होता.

"ताई, तुम्ही बाद केलेल्यांतलाच आहे हा," शाल्मली संकोचून म्हणाली. "वाया कशाला घालवायचा, म्हणून लावून बघितला."

मुक्ताने पुन्हा आलेखाकडे पाहिलं. दिवाळीआधी याच क्रिस्टलने तिलाही हीच दोन शिखरं दाखवली होती. आरसे नसताना दोन येतात म्हणजे क्रिस्टलच अशुद्ध, असं म्हणून तिने तो बाजूला टाकला होता.

"मुक्ता, तुला हे कधी दिसलं नव्हतं ना गं?" सरांनी विचारलं.

दिसलं होतं म्हणावं, तर टाकून का दिलं तेही सांगावं लागलं असतं.

"नाही, सर," ती म्हणाली, आणि शाल्मलीने पुढे केलेला पेढा तिने निमूटपणे तोंडात टाकला.