बरगडी

दुसऱ्या तासाची घंटा द्यायला आकाराममामांनी हातोडी उचलली, एक टोला दिला आणि दुसरा न देताच ते व्हरांड्याच्या खांबाला धरून खाली बसले. मग कलंडले. अठ्ठावीस वर्षं या शाळेत शिपाई होते ते.

वर्गांतून पोरं बाहेर आली. मराठीच्या सरांना वाटलं फिट आली, त्यांनी चप्पल नाकाशी धरली. कोणी कांदा आणायला पळालं. हेडसरांनी एकशेआठला फोन लावला. गाडी उंब्रजवरून निघाली होती. फोन खिशात ठेवता ठेवता त्यांना आठवलं.

"दहावीच्या आरोग्यसेवेच्या मुली कुठायत? बोलवा त्यांना!"

आरोग्यसेवा हा शाळेतला व्यवसाय विषय. राजनंदिनी त्यात पहिली यायची. ती पोरांना बाजूला सारत आली. मामांच्या नाकाशी गाल नेला, मानेवर दोन बोटं ठेवली. काही लागलं नाही.

"मामा! आवं मामा!"

ती गुडघ्यांवर बसली. छातीच्या मधोमध तळहात, त्यावर दुसरा, कोपरं ताठ. दाबत दाबत मोठ्यानं मोजू लागली. तीस झाले. पुन्हा एकपासून. मागं कुणीतरी खुदकन हसलं आणि गप्प झालं.

तिसऱ्या फेरीत, सतराव्या आकड्याला, तिच्या तळहाताखाली काहीतरी मोडलं. वाळलेलं चिपाड पायाखाली मोडावं तसं. चटका बसल्यागत तिनं हात उचलले.

"सर, मोडलं. मामांचं आत कायतरी मोडलं."

हेडसरांचा चेहरा उतरला. "थांब मग. हात लावू नकोस. उद्या घरचे म्हणतील, शाळेतल्या पोरीनं मारला."

"पर सर, श्वास न्हाई त्यांचा."

"थांब म्हटलं ना!"

तेवढ्यात मामांचं तोंड उघडलं आणि हिसका बसावा तसा एक श्वास आत गेला.

"घेतला, घेतला श्वास!" मराठीचे सर म्हणाले. सगळ्यांना हायसं वाटलं. थोड्या वेळानं तसाच आणखी एक गेला. त्यानंतर नाही.

राजनंदिनी दोन्ही हात छातीशी धरून तशीच बसून राहिली. गाडी यायला अजून अकरा मिनिटं लागली.

गाडीतली डॉक्टर तरुण होती. तिनं मामांचा सदरा वरपासून खालपर्यंत फाडला, छातीला पट्ट्या लावल्या, यंत्राकडे एकदा पाहिलं आणि दाबायला लागली. राजनंदिनीपेक्षा दुप्पट जोरानं. पुन्हा तो आवाज आला. डॉक्टर थांबली नाही.

"मॅडम, मोडतंय," राजनंदिनी म्हणाली.

"मोडू दे. बरगडी जुळते नंतर."

मग बराच वेळ फक्त तिचे आकडे ऐकू येत राहिले. शेवटी ती मागं टेकून बसली, मनगटानं कपाळ पुसलं. यंत्राकडे पुन्हा एकदा पाहून तिनं ते बंद केलं. फाटलेला सदरा तिनं मामांच्या छातीवर ओढला.

"आधी कुणी सुरू केलं होतं?"

"मी."

"जागा बरोबर होती तुझी. का थांबलीस?"

"आवाज आला. मला वाटलं, माझं चुकलं." राजनंदिनीनं आपल्या तळहातांकडे पाहिलं. "उशीला आवाज येत न्हाई."

"कसली उशी?"

"आमी उशीवर शिकलो मॅडम."

डॉक्टरनं हेडसरांकडे पाहिलं. ते घाईनं म्हणाले, "सरावाची डमी आहे आमच्याकडे. दोन वर्षं झाली येऊन. मुलींच्या हातनं खराब नको व्हायला म्हणून कपाटात ठेवलीय, तपासणीला दाखवावी लागते."

डॉक्टरनं छातीवरच्या पट्ट्या सोडवल्या, तारा गुंडाळल्या आणि ड्रायव्हरला स्ट्रेचर आणायला सांगितलं.

कराडच्या सरकारी दवाखान्यात मृत्यूचे कागद होऊन पाच वाजता मामांना घरी आणलं. अख्खी शाळा दारात होती. राजनंदिनी आईला धरून पार मागं उभी राहिली. तिला पुढं जायचं नव्हतं. पण मामांची बायको, बनुबाई, आतनं विचारत होती, "ती पोरगी कुठाय? ती दहावीतली?"

बायकांनी तिला हाताला धरून आत नेलं. बनुबाई मामांच्या उशाला बसली होती. रडून रडून आता तिचे डोळे कोरडे झाले होते.

"हिकडं ये बाळ. बस." तिनं राजनंदिनीला जवळ ओढलं आणि सगळ्या बायकांकडे वळून म्हणाली, "हेडसरांनी सांगितलं मला समदं. बाकीची नुसती बगत हुती. ह्या पोरीनं गाडी येस्तोवर हात सोडला न्हाई."

राजनंदिनीनं दाराकडे पाहिलं. हेडसर उंबऱ्याबाहेर उभे होते. ते चपलेच्या टोकानं माती सारखी करत होते.

"काकी," ती म्हणाली. "काकी, मी..."

"बोलू नगस. कळतंय मला." बनुबाईनं तिचे दोन्ही हात आपल्या मांडीवर घेतले. "येवडा येळ दाबायचं म्हंजी काय सोपं हाय व्हय? लय भरून आलं असतील गं."

आणि ती राजनंदिनीचं एकेक बोट चेपू लागली.