काचा बंद करून

“तुझ्या सासूला सांग, काच वर घे म्हणावं. समदी गरम हवा आत येतीया.”

सर्जेराव स्टिअरिंगमागे बसून समोरच्या कडुनिंबाशी बोलल्यासारखे बोलले. द्वारकाबाई मागच्या सीटवर, त्यांच्यापासून हातभर अंतरावर होत्या. तरी निरोप द्यायला सोनम बाहेर उकाड्यात, दोन दारांच्या मधे उभी.

“आत्या, आबा म्हणतायत...”

“ऐकलं मी. त्यास्नी म्हणावं, काच लावली तर माणूस भाजून निघंल. एसी हाय का चुलीची फुंकणी?”

लासुर्ण्यात मे महिन्यात दुपारी एकला वीज जायची ती तीनला यायची. पत्र्याखाली बसवत नव्हतं. एके दिवशी सर्जेराव उठले आणि झाडाखाली उभ्या गाडीत एसी लावून बसले. दुसऱ्या दिवशी द्वारकाबाई म्हणाल्या, “मीच का उकाड्यात मरू?” आणि मागं जाऊन बसल्या. तेव्हापासून हा रोजचा कार्यक्रम होता.

भांडण पाडव्याचं. पंगतीत पाहुण्यांसमोर श्रीखंडाचं बोट चाटून सर्जेराव म्हणाले होते, “विकतचं दिसतंय.” चक्का टांगण्यापासून वेलदोडे कुटण्यापर्यंत सगळं हातानं केलेल्या द्वारकाबाईंनी त्यांच्या पुढची वाटी उचलली आणि अबोला धरला. त्याला आज सात आठवडे झाले होते.

मधल्यामधे मरण सोनमचं. “तुझ्या सासऱ्याला इचार, भाकरी वाढू का,” “तुझ्या सासूला सांग, चष्मा दे.” नवरा ऋषिराज कारखान्यावर कामाला जाऊन सुटायचा. आणि रविवार आला की समेट घडवायला सगळी फौज हजर. मोरगावहून नणंद वृषाली, पुण्याहून थोरले दीर युवराज, शिवाय दोघांची पोरंबाळं. सर्जेराव सकाळीच मटण आणून सोनमच्या हातात द्यायचे, द्वारकाबाई पदर खोचून रस्सा करायच्या, पोरं विहिरीत डुंबायची. जेवणं झाली की सगळे दोघांना समजवायला बसायचे. दोघं दोन भिंतींकडं बघत बसायची. शेवटी युवराज हात टेकायचे. “पुढच्या रविवारी बघू.” मग भांड्यांचा डोंगर आणि सोनम.

पण त्याच आठवड्यात एक नवल झालं. सकाळी सर्जेराव तिला बाजूला घेऊन म्हणाले, “पोरी, तेवढा एसी नीट करून आण. काचा लावून बसता आलं पायजे.” संध्याकाळी द्वारकाबाईंनी जवळजवळ तेच सांगितलं. सात आठवड्यांत दोघांचं एकमत झालेली ही पहिलीच गोष्ट. सोनमच्या मनात आशा पालवली. काचा बंद करून दोघं तासभर एकत्र बसली, तर कधी ना कधी कोणाचं तरी तोंड उघडेल!

दुसऱ्याच दिवशी तिनं गाडी काढली आणि बारामती गाठली.

भिमा मिस्त्रीनं बॉनेट उघडण्याआधी डॅशबोर्डच्या खणामागून हवा गाळायची जाळी ओढून काढली. ती पाचटाच्या राखेनं काळीठिक्कर झाली होती.

“ताई, गाडी उसाच्या फडात राहती का?”

“बांधालाच असती.”

“मग बिचाऱ्या एसीनं श्वास घ्यायचा कुठनं?”

त्यानं नवी जाळी बसवली. रेडिएटरपुढच्या जाळीतला चिखल हलक्या पाण्यानं धुतला. मग इंजिन चालू करून वाकून बघितलं. “ह्यो बघा खरा चोर. पंखा फिरतच न्हाय. पळत्या गाडीला वारा लागतो, म्हणून कळत न्हाय. उभ्या गाडीत कशी गार हवा येणार?”

पंख्याची जळलेली वायर बदलून, गॅस तपासून त्यानं सोनमला एसीच्या झरोक्यापुढे हात धरायला लावला. बोटं बधिर झाली.

“आता माझं ऐका. बसलं की दोन मिनिटं काचा उघड्या ठेवायच्या, कोंडलेली गरम हवा जाऊ द्यायची. मग काचा बंद, आणि आतलीच हवा फिरवायचं हे बटण दाबायचं. अर्ध्या तासानं बघा गार राहतंय का, आणि मला कळवा.”

दुसऱ्या दिवशी एकला वीज गेली. सोनमनं सांगितलं तसं सर्जेरावांनी बटण दाबलं. काचा वर गेल्या. कुणाला निरोप द्यावा लागला नाही.

ती ओट्यावर येऊन बसली. काचेतून दोघं दिसत होती. सर्जेरावांचं तोंड कडुनिंबाकडं, द्वारकाबाईंचं गोठ्याकडं. पाच मिनिटं गेली, पंधरा गेली. माना जागच्या हलेनात. सोनम खट्टू झाली. परवा पुन्हा रविवार.

अर्ध्या तासानं तिनं सासऱ्यांना फोन लावला.

“आबा, गार येतंय का?”

“फ्रीजमधी बसल्यागत वाटतंय.”

“आणि आत्यांना?”

“तिचं तिला इचार. मी न्हाय इचारणार.”

त्यांनी फोन सीटवर टाकला. फोन कट करायचा असतो हे सर्जेरावांना कधी जमलंच नव्हतं. सोनम स्वतःच बटण दाबणार, एवढ्यात कानात हसू ऐकू आलं. खुदुखुदु, दाबून धरलेलं. द्वारकाबाईंचं.

“ठेवला का फोन?”

“ठेवला. आता बोल मोकळी. काचा उघड्या असल्या की शेजारचा आबाजी कान लावून बसतो.”

सोनम उडालीच. मिटलं! एका एसीनं मिटवलं! वृषालीला कळवू, की आधी युवराजभावजींना? पण कानावरचा फोन निघेना.

“द्वारके,” सर्जेराव म्हणत होते, “सोनम लय दमती गं. आपलं तर पाडव्याच्या सांजंलाच मिटलं हुतं. आता सांगून टाकायचं का?”

“खुळं का काय तुमी! मिटल्यालं कळलं, तर पोरं परत दिवाळीलाच उगवतील. तोंड फिरवा तिकडं, सोनम बघतीया.”