दुसऱ्या बाजूला

"बघा हं, मी आता कूस बदलते," गादीवर आडवी झालेली विक्रेती छताकडे बघत म्हणाली. "आणि यांना विचारा, काही कळलं का."

पलीकडच्या कडेला, तिच्याकडे पाठ करून झोपलेला तिचा सहकारी ठरलेलं वाक्य बोलला, "काही पत्ता लागला नाही." मग उशीत तोंड खुपसून पुटपुटला, "दगडावर झोपल्यावर काय लागणार?"

दुकानाच्या वरच्या मजल्यावर फक्त गाद्या होत्या. फोमच्या ती विकायची, स्प्रिंगच्या तो. दोघांचं विळ्याभोपळ्याचं सख्य. पण डबल गादी दाखवायची तर दुसऱ्या बाजूला माणूस लागतो, आणि मजल्यावर तिसरं कोणी नव्हतं. त्यामुळे रोज कितीतरी वेळा तो तिच्या गादीवर आणि ती त्याच्या गादीवर आडवी व्हायची, आणि समोरच्याचा माल खपावा म्हणून पत्ता न लागल्याची ग्वाही द्यायची. खिडक्या नव्हत्या, दिवे पिवळे होते, गालिचा पावलांचा आवाज गिळून टाकायचा. तिथे भांडणंसुद्धा कुजबुजत व्हायची.

सोमवारी मॅनेजरने सांगितलं होतं, की या मजल्याला यापुढे एकच माणूस पुरे. आठवड्यात जो जास्त गाद्या विकेल तो इथे राहील, दुसऱ्याने परगावच्या नव्या शाखेत जायचं. "चला, सुटले एकदाची," ती म्हणाली होती. "कोण सुटतंय ते बघू," तो म्हणाला होता. तिला दुसरं काहीतरी ऐकायचं होतं. नुसतं 'जाऊ नका' एवढंही चाललं असतं. आज शेवटचा दिवस होता, दोघं बरोबरीत होते, आणि समोर एकच गिऱ्हाईक होतं: एक आजोबा आणि त्यांची मुलगी.

"सिंगलच दाखवा," मुलगी आल्याआल्या म्हणाली होती. "आई गेल्यापासून बाबा खुर्चीतच झोपतात." पण आजोबा डबल गाद्यांपाशीच थांबले होते.

"म्हणजे शेजारचं माणूस उठून गेलं, तरी कळणार नाही?" त्यांनी आता विचारलं.

"अजिबात नाही, आजोबा!"

"मग नको," आजोबा म्हणाले. "आमच्या जुन्या गादीवर सगळं कळायचं. ती पाणी प्यायला उठली तरी."

मुलगी गालिच्याकडे बघत राहिली.

तो उठला आणि आपल्या स्प्रिंगच्या गादीवर जाऊन झोपला. तिला मनातून त्याच्या गादीवर जायचं नव्हतं, पण रीत ती रीत. ती दुसऱ्या बाजूला गेली, भिंतीकडे तोंड करून आडवी झाली, कूस बदलली आणि डोळे मिटून ठरलेल्या वाक्याची वाट बघू लागली.

"कळलं," तो म्हणाला.

तिने डोळे उघडले.

"आजोबा, स्प्रिंगवर सगळं कळतं. इतके दिवस मी थापा मारत आलोय. यांनी कूस बदलली की कळतं. हसू दाबलं की कळतं. जांभई गिळली तरी कळतं."

"वा! काय पण युक्ती," ती दातओठ खात कुजबुजली. "माल खपवायला तुम्ही काहीही बोलाल."

"सोमवारी तुम्ही इथे भिंतीकडे तोंड करून रडत होतात," तोही तितक्याच हळू म्हणाला. "गिऱ्हाईक घासाघीस करत होतं. मी नेहमीचंच वाक्य बोललो. दुसरं काय बोलावं ते सुचलंच नाही मला."

गादी किंचित हलली. दोघांपैकी कोणीच कूस बदलली नव्हती.

"उठा आता, मला बघू द्या," आजोबा म्हणाले. त्यांनी चपला काढून गादीखाली नीट सरकवल्या, बरोबर मध्यभागी आडवे झाले, एकदा डावीकडे वळले आणि झोपले. खरंच झोपले.

मुलगी बराच वेळ त्यांच्याकडे बघत उभी होती. "हीच द्या," ती म्हणाली. "पण लगेच उठवू नका त्यांना."

तेवढ्यात मॅनेजर जिना चढून आला. "काय मंडळी, लागला का निकाल?" तिघांनी एकदमच ओठांवर बोट ठेवलं. तो चवड्यांवर चालत जवळ आला. "कोण?"

"स्प्रिंग," तिने सांगितलं.

"मग बाई, नवी शाखा तुमची."

"साहेब, एक मिनिट," तो म्हणाला.

"तुम्ही थांबा हो," तिने त्याला अडवलं. "जाते की मी. पण साहेब, तिकडे गाद्यांना अजून कोण आहे?"

"अजून कोण असणार? तुम्ही एकट्याच."

"मग माझ्या गाद्या खपायच्या कशा? 'पत्ता लागला नाही' म्हणायला कोणीतरी हवं ना."

मॅनेजरने तिच्याकडे बघितलं, मग त्याच्याकडे.

"मी येईन," तो म्हणाला. त्याचे कान लाल झाले होते. "पण ते वाक्य आता मला जमायचं नाही."

"ते मी बघून घेईन," ती म्हणाली.

"अहो, मग इथे कोण..." मॅनेजरचा आवाज चढला, आणि तिघांनी पुन्हा बोट ओठांवर नेलं.

आजोबा झोपेतच थोडे कडेला सरकले, कोणाला तरी जागा करून दिल्यासारखे. मुलगी पुढे झाली, आणि अगदी जपून त्या मोकळ्या जागेच्या टोकावर बसली.