रेंजचा कातळ

मोबाइल टॉवरची नवी लांब लहर आल्यापासून फोन चिऱ्याच्या जाड भिंतीतून थेट घरात लागत होता, डोंगराला वळसा घालून दरीतही उतरत होता. तरी वैजयंतीकाकी रोज संध्याकाळी कातळ चढत होत्या.

“काकी, कित्याक चढतास? आता फोन चुलीकडेसुद्धा लागता!” शेजारचा दिगंबर खालून ओरडला.

काकी हसून चढत राहिल्या. जुन्या फोनची आखूड लहर डोंगराला अडायची, तेव्हा रेंज फक्त या कातळावर मिळायची. अख्खी वाडी इथे जमायची. कुणाला नातू झाला, कुणाची नोकरी गेली, सगळं सगळ्यांना कळायचं, कारण जो तो ओरडूनच बोलायचा. आता कातळावर गवत होतं आणि त्या एकट्या.

त्यांनी लेकीला फोन लावला. “शलाका, पोचलंय गो कातळार!” जुन्या सवयीने त्या ओरडल्याच.

उत्तर यायला नेहमीसारखा थोडा वेळ लागला.

“आई, आता बोलू नको. फोन समुद्राकडे धर नि नुसती उभी ऱ्हव.”

काकींनी हात उंच केला. पदर फडफडू लागला.

चंद्रावरच्या बंद खोलीत शलाका डोळे मिटून वारा ऐकत बसली.