पाच तास चाळीस मिनिटं

"कितवा महिना?" विमानतळाच्या काउंटरवरच्या बाईने तिच्या पोटाकडे पाहत विचारलं.

"सातवा. हे डॉक्टरांचं पत्र." तिने कागद जवळजवळ आपटलाच. या पत्रासाठी ती डॉक्टरांशी भांडली होती, तिकिटासाठी नवऱ्याशी. आता धाकटा भाऊ तेवढा राहिला होता आणि त्याच्याशी भांडायलाच ती माहेरी निघाली होती.

अंतर चार हजार शंभर किलोमीटर, विमानाने पाच तास चाळीस मिनिटं. हे आकडे भावानेच दोन महिन्यांत दहा वेळा लिहून पाठवले होते. 'ताई, एवढा प्रवास तुला झेपणार नाही. आधी दोनदा काय झालं ते विसरू नकोस. बाळंतपणानंतर ये.' घरात ज्याला नवाब म्हणायचे, ज्याला स्वतःचे मोजे कधी सापडायचे नाहीत, तो तिला शहाणपण शिकवत होता!

फोन केला की उचलायचा नाही. मागाहून मेसेज यायचा, 'कामात आहे.' जणू देशच चालवत होता. बाबांना फोन दे म्हटलं की 'बाबा झोपलेत.' त्यांच्या फोनवर लावावा तर 'तो बिघडलाय.' पहाटे पाचला अख्खं घर उठवणारा माणूस दोन महिने झोपूनच होता म्हणे!

आईच्या वेळीही त्याने हेच केलं होतं. 'बरी आहे, बरी आहे' म्हणत राहिला आणि तिला आईला शेवटचं पाहताही आलं नाही. यावेळी ती फसणार नव्हती. बाबा अंथरुणाला खिळले असणार, किंवा त्याहून वाईट काही. तो विचार आला की तिच्या अंगाचा नुसता तिळपापड व्हायचा.

विमानात ती मनातल्या मनात शिव्यांची उजळणी करत बसली. शेजारच्या माणसाने पाणी हवंय का विचारलं, तर त्याच्यावरही खेकसली. बिचारा उतरेपर्यंत हलला नाही.

टॅक्सी, जिना, दुसरा मजला. तिने बेलवरचं बोट काढलंच नाही.

दार बाबांनी उघडलं. वाळले होते, दाढी वाढली होती, पण स्वतःच्या पायांवर नीट उभे होते.

तिला रडू कोसळलं, आणि त्याच्या दुप्पट संताप आला. "म्हणजे तुम्ही धडधाकट आहात! मग हा मेला माझ्याशी खोटं का बोलत होता? कुठाय तो?"

"आधी आत येऊन बस," बाबा म्हणाले.

"बसत नाही! लपलाय ना आत? थांबा." तिने तिथेच फोन काढला आणि भावाला लिहिलं, 'मुकाट्याने बाहेर ये. मी दारात उभी आहे.'

बाबांच्या सदऱ्याच्या खिशात फोन वाजला.

"तो नाहीये गं," बाबा म्हणाले. "अपघाताला दोन महिने झाले. तुला रोज मीच लिहीत होतो."