तोआदेरचे शेवटचे शब्द

जंगलातून ओंडके आणणाऱ्या गाडीच्या इंजिनावर तोआदेर ड्रायव्हर होता आणि मी भट्टी पेटती ठेवणारा फायरमन. तो गेल्यानंतरच्या चाळिसाव्या दिवसाच्या, त्याच्या आठवणीच्या जेवणाला त्याची बायको अनुत्सा माझ्याजवळ येऊन बसली.

"ग्रिगोरे भावजी, उतारावर गाडी ताब्यातून सुटली तेव्हा ते शेवटचं काय बोलले, पुन्हा एकदा सांगा ना."

"म्हणाला, 'तू उडी मार. तुझी पोरं लहान आहेत.'"

"असेच होते ते," म्हणत तिने डोळे पुसले आणि पावाचा तुकडा माझ्या हातात ठेवला.

तो मी ताटाच्या कडेला ठेवला. तोआदेर ओरडला होता, "ग्रिगोरे, हँडब्रेक सोडू नको." ते मला ऐकू आलं, तेव्हा मी रुळांशेजारच्या गवतात पडलेलो होतो.